अर्धं टोपण म्हणजे किती?

आठ किलोच्या बाळाला ताप आलाय. किलोला 15 मिलिग्रॅम या हिशेबानं त्याला एका वेळी 120 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचं. इथपर्यंतचा गुणाकार चौथीतलं पोरही करील. आता वाईच्या बाजारपेठेतल्या एखाद्या मेडिकलमध्ये जा आणि ‘लहान मुलांचं तापाचं औषध’ मागा. हातात येणाऱ्या बाटलीत दर 5 मिलीला 120 मिलिग्रॅम औषध असेल, 125 असेल किंवा 250 असेल. ड्रॉप्सची छोटी बाटली आली तर तिच्यात एकेका मिलीलाच 100 मिलिग्रॅम. म्हणजे त्याच बाळाला पहिल्या बाटलीतून 5 मिली, ‘250’च्या बाटलीतून 2.4 मिली आणि ड्रॉप्समधून फक्त 1.2 मिली. मागच्या वेळचा ‘एक चमचा’ लक्षात ठेवून आईनं ड्रॉप्सची बाटली चमच्यात ओतली, तर 500 मिलिग्रॅम पोटात जातं, किलोला 62. दिवसभरात सगळं मिळून किलोला 60च्या पुढं सहसा जाऊ देऊ नये असं हे औषध, एका घोटात दिवसाचा कोटा ओलांडून जातं.

नर्सिंगच्या वर्गात यासाठी सूत्र शिकवतात: हवी असलेली मात्रा भागिले बाटलीवर लिहिलेली मात्रा, गुणिले बाटलीवरचे मिली. एएनएम असो, जीएनएम असो की बीएस्सी, हे सूत्र पाठ असतं आणि परीक्षेत त्याला हमखास गुण असतात. माझं म्हणणं एवढंच, की सूत्र येत असूनही औषध चुकतं. वजन अंदाजानं धरलेलं असतं, बाटली वाचलेली नसते आणि मोजायला मिलीचं मापच नसतं. या तीन जागा सोडून आपण वर्षानुवर्षं भागाकाराचाच सराव करून घेतोय.

मुलाची मात्रा मोजायची पद्धत आपल्याकडं नवी नाही. बाळगुटी उगाळताना कशाचे किती वेढे सहाणेवर घ्यायचे हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला पक्कं ठाऊक असे. बदाम-खारीक सढळ, हिरडा, वेखंड बेतानं आणि जायफळाचा एखादाच वेढा, कारण जायफळानं पोर गुंगतं. महिना सरला की वेढे वाढवायचे. शार्ङ्गधरसंहितेतही महिन्याच्या बाळाला एक गुंज आणि पुढं दर महिन्याला एकेक गुंज वाढ असा हिशेब आहे. (पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यात गुटीही आली, हे आज्यांना कितीही रुचलं नाही तरी.) तिकडं युरोपात प्रकाशाच्या लहरींवर काम केलेल्या थॉमस यंग या डॉक्टरच्या नावानं एक नियम चालायचा: मुलाचं वय भागिले वय अधिक बारा. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या एक तृतीयांश. पुढं क्लार्कच्या नियमानं पौंडातलं वजन घेऊन त्याला 150नं भागायला सुरुवात केली. वयाकडून वजनाकडं सरकायला वैद्यकाला असा वेळ लागला.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, त्या काळी पातळ औषध मिनिम, ड्रॅम आणि औंसात मोजत. कंपाउंडरची पिढी त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. घरून धुऊन आणलेल्या बाटलीत तो लाल मिक्श्चर भरायचा, कागदाची पट्टी कात्रीनं खाचा पाडून बाटलीला उभी चिकटवायचा आणि ‘एका वेळी एक खाच’ असं बजावायचा. हसण्यासारखं त्यात काही नाही. डोस बाटलीवरच दिसत होता, चमच्याचा प्रश्नच येत नव्हता. आजच्या छापील लेबलवर दहा ओळी बारीक इंग्रजी असते आणि खाच एकही नसते.

वजनाचा नियम आला तरी मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत, हा समज जायला एक धडा लागला. 1950च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल मिळत होतं. त्यातली काही बाळं राखाडी पडून दगावली. यकृत तयार नसल्यानं औषध अंगात साठत गेलं, हे 1959 साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून नवजात बाळाचं कोष्टक वेगळं. त्याच्यासाठी किलोला किती यासोबत किती तासांनी हेही वेगळं लिहितात. केमोथेरपीसारख्या काही औषधांना तर वजनही पुरत नाही, शरीराचं क्षेत्रफळ काढावं लागतं. पण तो मोठ्या रुग्णालयांचा विषय.

आता पहिली जागा, वजन. गाळप हंगाम सुरू झाला की भुईंजच्या किसन वीर कारखान्यापासून पार कराड-सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या फडांत मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कोपीतलं तीन वर्षांचं पोर तापानं फणफणलं म्हणून आई दवाखान्यात घेऊन येते. वयावरून वजन काढायचं विद्यार्थ्यांना शिकवलेलं सूत्र असं: वयाची दुप्पट अधिक आठ. तीन वर्षं म्हणजे 14 किलो. त्या हिशेबानं 210 मिलिग्रॅम निघतात. पण हे पोर काट्यावर 10 किलोचं भरलं, तर किलोला 21 मिलिग्रॅम होतात आणि दिवसातून चारदा दिलं तर 84. उपाशी, आजारी, कुपोषित मुलाच्या यकृतात पॅरासिटामॉलचा विषारी भाग निकामी करणारा ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. म्हणजे चूक जिथं सर्वांत महाग पडते तिथंच ती व्हायची शक्यता सर्वांत जास्त. आणि असं मूल अपवाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आढळली. तिघांमागे एकाहून अधिक मुलांना वयाचं सूत्र चुकीचा आकडा देणार.

अमेरिकेत जेम्स ब्रोसलो या डॉक्टरानं मुलाची लांबी मोजून वजन आणि डोस सांगणारी रंगीत पट्टी काढली. आणीबाणीत ती फार उपयोगी पडते. पण भारतीय मुलांवर तपासली तेव्हा ती वजन जास्त दाखवते असं दिसलं, विशेषतः दहा किलोंच्या वरच्या मुलांत. तिकडच्या मुलांच्या बांध्यावर बेतलेली पट्टी आपल्या पोरांना सैल होणारच. तेव्हा काट्याला पर्याय नाही.

काट्याचीही तंत्रं आहेत. आईला तान्ह्यासकट मोठ्यांच्या काट्यावर उभं करून आईचं वजन वजा करायची पद्धत सर्रास चालते. मोठ्या मुलाला ती चालून जाईल. चार किलोच्या बाळात मात्र काट्याचा 500 ग्रॅमचा फरक म्हणजे आठवा हिस्सा झाला. थंडीत कुंची, स्वेटर, दोन दुपटी यांसकट वजन केलं तर आणखी भर. काटा आधी शून्यावर आणायचा, बाळ लंगोटीवर ठेवायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि तो किलोत लिहायचा. नवजात बाळाचं वजन ग्रॅममध्ये सांगायची आपली सवय आहे. 2800 ग्रॅमचे 2.8 किलो करताना टिंब सरकलं की डोस दहापट.

खरी गंमत, किंवा खंत म्हणा, पुढंच आहे. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला वजन होतं. सेविका ते मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरते, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात टिंब देते. तेच मूल त्याच आठवड्यात तापानं दवाखान्यात येतं आणि केसपेपरवरचा वजनाचा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. आकडा गावात आहे, औषध लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आईनं ते कार्ड पिशवीत घालून आणलं तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी जागा, बाटली. पॅरासिटामॉलचं वर सांगितलंच. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं ड्राय सिरप 5 मिलीला 228.5चं मिळतं आणि 457चंही. सेफिक्झिम 50चं आणि 100चं. व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स मिलीला 400 युनिटचे आणि 800चेही. खोक्याचा रंग, चित्र, नाव तेच. शेवटचा आकडा वेगळा. मेडिकलमध्ये एक संपलं की दुसरं दिलं जातं आणि चिठ्ठीवरचा ‘5 मिली’ तसाच राहतो. अमेरिकेत तान्ह्यांच्या पॅरासिटामॉलचे दाट थेंब आणि मोठ्या मुलांचं पातळ सिरप यांची अशीच गल्लत होई. 2011 पासून तिथल्या उत्पादकांनी दाट थेंब बंद करून दोन्हीकडं 5 मिलीला 160 मिलिग्रॅम अशी एकच ताकद ठेवली. आपल्याकडं हे अजून झालेलं नाही.

त्यात मिश्रणं. सर्दीच्या पुष्कळ सिरपांत पॅरासिटामॉल असतंच, तापाच्या मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन असलेल्या काही सिरपांतही ते जोडीला असतं. आई सकाळी सर्दीचं औषध देते, तासाभरानं अंग गरम लागलं म्हणून तापाचं देते, आणि दोन वेगळी औषधं दिली असं तिला वाटतं. पोटात एकच औषध दोनदा गेलेलं असतं. शिवाय पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना, आयबुप्रोफेन मुळीच नको असतं. नाव न वाचता रंगावरून औषध ओळखणाऱ्या घराला हे कळायचा मार्ग नाही.

ड्राय सिरप हा तर वेगळाच अध्याय. बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली आपटून पूड मोकळी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी लेबलवरच्या बाणाच्या जरा खालपर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, आणि पातळी खाली आलेली दिसली की पुन्हा बाणापर्यंत पाणी. फेसाच्या पातळीलाच बाण आला असं समजून थांबलं की औषध दाट राहतं. घाईत बाणाच्या वर गेलं की पातळ. पुढं दर वेळी हलवलं नाही तर पहिले डोस नुसतं गोड पाणी आणि शेवटचे दोन दिवस तळाचा गाळ. गणित दशांशापर्यंत बरोबर असूनही मुलाला कधी निम्मं, कधी दीडपट मिळतं. तयार झालेलं औषध किती दिवस वापरायचं ते लेबलवर असतं, बहुतेकांचं आठवडाभर. त्यानंतर उरलेलं पुढच्या आजारपणासाठी फळीवर ठेवायचं नाही. धोमच्या पलीकडं जोर-जांभळीच्या खोऱ्यात पावसात एसटी बंद पडली की थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला चालवली जाते. का चालवली जाते ते कळतं, म्हणूनच बाटली देतानाच हे सांगायला हवं.

बाटली न वाचण्याचं टोक महाराष्ट्रानं 31 जानेवारी 2021 रोजी पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथं पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं रुग्णालयात ठेवावी लागली. सुदैवानं सगळी बचावली. तिथं हिशेब करायचाच नव्हता, दोन थेंब एवढंच काम होतं.

तिसरी जागा, माप. ग्रीसमध्ये घराघरांतले चहाचे चमचे गोळा करून मोजले तेव्हा कुणात 2.5 मिली मावलं तर कुणात 7 मिलीच्या वर. आपल्या घरातले चमचे याहून शिस्तीचे असतील असं मानायला आधार नाही. पोह्यांचा, चहाचा आणि मिठाच्या डब्यातला चमचा शेजारी ठेवून बघा. ‘अर्धं टोपण’ हे माप तर सगळीकडं चालतं. टोपणावर 2.5, 5, 10च्या रेषा असतात, पण त्या पारदर्शक प्लास्टिकवर उठावाच्या, रात्रीच्या बल्बखाली दिसत नाहीत. 2.4 मिली त्यात मोजता येत नाहीच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली चमचा हा शब्दच चिठ्ठीतून काढून फक्त मिलीत लिहा, असं सांगितलं. आपल्याकडच्या चिठ्ठीवर ‘टीएसपी’ अजून दिसतं.

सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज कुठंही मिळते आणि लहान मात्रेला तिच्यासारखं साधन नाही. 1 मिलीच्या आतल्या डोसाला 1 मिलीचीच सिरिंज. दांड्याच्या काळ्या रबराची वरची कड रेषेला लावायची, गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडायचं, बाळ रडत असताना किंवा आडवं असताना नाही. सिरिंजचं छोटं टोपण आधीच काढून फेकून द्यायचं, ते घशात अडकतं. वॉर्डात तर तोंडानं द्यायचं औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलं की तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘तोंडानं’ असं लिहिल्याशिवाय ट्रेमध्ये ठेवायचं नाही. सलाइनच्या नळीला तीच सिरिंज बसते. परदेशात तोंडाच्या सिरिंजचं टोकच वेगळं करतात, नळीला ती लागतच नाही. आपल्याकडं तूर्त पट्टीवरच भिस्त.

वॉर्डातल्या सिस्टरपुढचा हिशेब घरापेक्षा नाजूक असतो. हृदयाचा त्रास असलेल्या चार किलोच्या बाळाला डिगॉक्सिन किलोला 5 मायक्रोग्रॅमप्रमाणं द्यायचं आहे. झाले 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.02 मिलिग्रॅम. औषध मिलीला 0.05 मिलिग्रॅमचं. उत्तर 0.4 मिली. यात टिंब एक घर सरकलं की 4 मिली होतात, आणि चमच्यात 4 मिली काही वावगं दिसत नाही, तिथंच घात आहे. म्हणून टिंबाआधी शून्य लिहायचंच, ‘.4’ नाही ‘0.4’, आणि टिंबानंतर रिकामं शून्य कधी नाही, ‘5.0’चे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. दुसरी खोड म्हणजे दिवसाचा डोस एका वेळचा समजणं. सेफिक्झिम किलोला दिवसाला 8 मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला दिवसभरात 64, दोनदा विभागून 32. पुस्तकातला ‘दिवसाला’ हा शब्द डोळ्यांआड गेला की दुप्पट. वजनदार मुलात उलटी काळजी: गुणाकार मोठ्या माणसाच्या डोसापुढं गेला तर तिथंच थांबायचं.

दोन सिस्टरनी वेगवेगळा हिशेब करून मग उत्तरं ताडायची, हा उत्तम नियम आहे. पण रात्रपाळीला प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटीच असलेल्या सिस्टरनं काय करायचं? तिनं एकच हिशेब दोन वाटांनी करावा. सुरुवातीचं आठ किलोचं बाळ घ्या. ‘250’च्या बाटलीत एका मिलीत 50 मिलिग्रॅम; 120 भागिले 50, 2.4. सूत्रानंही 2.4 आलं तर ओतावं. आणि तान्ह्या बाळाचं उत्तर एका वेळी 5 मिलीच्या वर निघालं तर हात आवरावा, पुन्हा पाहावं. अनुभवी सिस्टर हे कागद न घेता करतात. नव्या मुलींना मात्र कुणी तोंडानं सांगत नाही.

हिशेब हा शिकलेल्यांचाच प्रांत, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडं पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1990च्या दशकात जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि कोट्रायमोक्झॅझोलचं सिरप व जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. घरी जाऊन बाळ तपासणारी आजची आशा सेविका त्याच प्रयोगाची वारस आहे, आणि 2014 पासून एएनएमलाही तान्ह्याला जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली. त्या बायकांना कुणी बीजगणित शिकवलं नव्हतं. हातात काटा दिला, वजनावरून बघायचं कोष्टक दिलं आणि पुन्हापुन्हा सराव करून घेतला.

सरकारी कार्यक्रमांनी पुढं हीच वाट धरली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली. बाटलीच्या तोंडाशी तेवढंच बाहेर पडेल अशी सोय. व्हिटॅमिन ए नवव्या महिन्यात 1 मिली, पुढं पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 मिली, सोबत खूण असलेला चमचा. क्षयरोगात तर पातळ औषधच टाळलंय. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी आहे: 4 ते 7 किलोंना एक, 8 ते 11ला दोन, 12 ते 15ला तीन, 16 ते 24ला चार. न्यूमोनियासाठी अॅमॉक्सिसिलिनचीही अशी गोळी मिळते. मला विचाराल तर खेड्यातल्या दवाखान्यासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा तोडगा. सिरप हलवायचं नाही, फेस नाही, चमचा नाही. खासगी बाजारात मात्र गुलाबी सिरपाचंच राज्य आहे, कारण ते पोरांना आवडतं आणि आयांना ‘औषध दिल्यासारखं’ वाटतं.

आणि एवढं सगळं जमलं तरी बाटलीच्या आत काय आहे हे सिस्टरच्या हातात नसतं. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपानं वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातली बरीच नागपुरात उपचारासाठी आणली होती. कांचीपुरमला तयार झालेल्या त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं, मर्यादा 0.1 टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानंही त्या औषधाबद्दल इशारा काढला. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असं केंद्रानं तेव्हा पुन्हा बजावलं. म्हणजे काही औषधांचा योग्य डोस शून्य आहे, आणि तो सांगायलाही सिस्टरला बळ लागतं, कारण ‘काहीच दिलं नाही’ म्हणून आई दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढते.

औषध प्रशासनानं मुलांच्या पॅरासिटामॉलची ताकद एक करावी आणि प्रत्येक पातळ औषधाच्या खोक्यात मिलीच्या खुणांची सिरिंज सक्तीची करावी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार आकडे लिहावेत: मुलाचं वजन, मिलिग्रॅम, मिली आणि बाटलीची ताकद. औषध बदलून देणाऱ्या दुकानदारानं मिली बदलल्याशिवाय बाटली पुढं सरकवू नये. आणि आईबापहो, चिठ्ठीवर वजन नसेल तर केसपेपर परत पुढं करा, काट्याकडं बोट दाखवा, आणि ‘अर्धं टोपण’ असं कुणी म्हणालं तर विचारा: किती मिली?